शाफ्ट नको, सेंटर बेअरिंग द्या

प्रति,
माननीय सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झाले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत काम पुढे सरकले, दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा यावर नंतरच्या एका वेगळ्या समितीचा अहवालही आला. वाहनांच्या बाबतीत मात्र गाडी सर्व्हिस सेंटरचे पत्ते, वॉरंटीची माहिती आणि मालकाच्या पुस्तिका यांच्यापुढे फारशी गेलेली नाही. नेमके काय राहून गेले आहे, ते एका सुट्या भागाच्या उदाहरणावरून आपल्यासमोर मांडतो. तो भाग म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या प्रोपेलर शाफ्टला मध्यावर तोलून धरणारे सेंटर बेअरिंग. तो गाडीच्या पोटाखाली असतो, कुणाच्या नजरेस पडत नाही आणि ठरलेल्या काळाने झिजतो. झिजला की अनेक गाड्यांच्या बाबतीत अधिकृत उत्तर एकच मिळते : बेअरिंग वेगळे येत नाही, पूर्ण शाफ्ट घ्यावा लागेल. माझे म्हणणे असे, की हे उत्तर बहुतेक वेळा अभियांत्रिकीतून आलेले नसते. ते सुट्या भागांच्या यादीतून आलेले असते, आणि ती यादी कशी असावी हे ठरवण्यात शासनाचा हात असायला हवा.

आधी हा भाग करतो काय ते पाहू. आडव्या इंजिनाच्या, मुळात पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला मागच्या चाकांनाही ताकद द्यायची झाली, तर पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत लांब शाफ्ट न्यावा लागतो. एकसंध लांब शाफ्ट वेगाने फिरू लागला की मध्ये कमान धरतो. ज्या वेगाला तो अनावर थरथरू लागतो तो वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली तर ही धोक्याची मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. म्हणून शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि सांध्यापाशी तो गाडीच्या तळाला टांगतात. या टांगणीत तीन वस्तू असतात. आत ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सील केलेले बॉल बेअरिंग, त्याभोवती रबराचे कडे आणि त्याला धरणारी, बोल्टने तळाला आवळलेली पोलादी पट्टी. बेअरिंग फिरू देते, रबर थरथर गिळते, पट्टी जागेवर ठेवते. तिघांपैकी पहिल्या दोघांना ठरावीक आयुष्य असते. भोवतीच्या पोलादी नळीला तसे नसते. तिला मार बसला नाही आणि ती गंजून पोखरली नाही, तर ती गाडीच्या आयुष्यभर टिकावी अशीच बनवलेली असते.

पुष्कळांचा समज असा असतो, की मागची चाके क्वचितच कामाला लागतात, तेव्हा हा शाफ्टही क्वचितच फिरत असेल. या जातीच्या बहुतेक गाड्यांत तसे नाही. ताकद जोडणारा-तोडणारा क्लच मागे, डिफरन्शियलच्या तोंडाशी बसवलेला असतो. त्यामुळे गाडी चालू लागली की शाफ्ट फिरतो, मागच्या चाकांना ताकद जावो वा न जावो. शिवाय तो चाकांपेक्षा जोरात फिरतो. साधारण २.१ मीटर घेराचे चाक ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर अडीचच्या आसपास धरले तर शाफ्टचे फेरे २,००० च्या घरात जातात. एवढी धाव घेणारे बेअरिंग जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक्झॉस्टच्या उष्णतेशेजारी, आपल्या पावसात आणि धुळीत लोंबकळत असते. मुंबईत वा कोकणात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की तापलेल्या बेअरिंगला अचानक थंडावा मिळतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पाणी शिरले की ग्रीस धुऊन जाते, गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात आणि घरघर सुरू होते. उष्णतेने आणि तेलाच्या शिंतोड्यांनी रबर आधी खराब होते, मग तडकते. हे सगळे अपेक्षित आहे. बेअरिंग झिजते यात कुणाचाच दोष नाही. ते झिजल्यावर बदलायची वाट बंद ठेवणे हा मात्र दोष आहे.

निदानाचा मुद्दा मी विस्ताराने मांडतो, कारण माहिती दडवण्याची किंमत ग्राहक इथेच पहिल्यांदा मोजतो. सेंटर बेअरिंगची घरघर चाकाच्या बेअरिंगसारखी, टायरच्या आवाजासारखी आणि डिफरन्शियलच्या रडण्यासारखी वाटू शकते. नीट माहिती नसलेला फिटर आधी टायर बदलतो, मग चाकाची बेअरिंग बदलतो आणि आवाज तसाच राहतो. हे टाळण्यासाठी यंत्रे लागत नाहीत, क्रम लागतो. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर, हे प्रथम पाहायचे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तोच वेग वेगळ्या गिअरमध्ये धरून पाहिला तर ते कळते. वेगाबरोबरच बदलत असेल तर इंजिन सुटले. मग गाडी हलकेच डावी-उजवीकडे झोकवायची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, चाकाचे बेअरिंग गेलेले असेल तर आवाज अशा वेळी चढतो किंवा उतरतो, सेंटर बेअरिंगचा सहसा तसाच राहतो. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी-सिमेंटी असा बदलला की बदलणारा आवाज टायरचा. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर पालटणारा आवाज बहुधा डिफरन्शियलच्या दातांचा. या सगळ्यांतून जी घरघर एकसारखी टिकते आणि दोन सीटांमधल्या तळातून पायाला जाणवते, तिच्यासाठी गाडीखाली जावे. रबर फाटलेले असेल तर लक्षण वेगळे दिसते : गाडी निघताना एक दणका, ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच थरथर आणि त्यापुढे शांतता.

गाडी रॅम्पवर चढवल्यावर पुरावा डोळ्यांनाच दिसतो. बेअरिंगच्या रेषेत तळावर उडालेले ग्रीसचे पट्टे, सीलमधून झिरपलेला तांबूस गंज, रबराच्या कड्यातली फट, मध्यापासून खाली बसलेला शाफ्ट. दणक्याचा संशय असेल तर युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस हाताने पिळून पाहायचे, कारण दिशा बदलताना होणारा टक् आवाज बहुधा त्यांचा असतो. चाके फिरवून आवाज ऐकायचा झाल्यास चारही चाके अधांतरी हवीत आणि गाडी पक्क्या रॅम्पवर हवी. दोनच चाके उचलून ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी गिअरमध्ये टाकली तर ती जॅकवरून झेप घेऊ शकते. ही सूचना जिवाशी निगडित आहे. तरीही ती ज्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेली असते, ते मॅन्युअल आपल्याकडे स्वतंत्र गॅरेजवाल्याला रीतसर विकत घ्यायचे म्हटले तरी मिळण्याची सोपी वाट नाही. युरोपात हीच माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देणे २०१८ च्या वाहन-मान्यता नियमांनी बंधनकारक केले आहे, आणि कंपन्या ती तासाच्या वा दिवसाच्या शुल्कावर संकेतस्थळावरून देतात. म्हणजे माहिती लिहून तयार आहे. ती इथे उघडण्याचा आदेश तेवढा व्हायचा आहे.

निदान पक्के झाल्यावर बदलण्याचे काम अवघड नाही, पण शिस्तीचे आहे. शाफ्ट उतरवण्याआधी पुढच्या, मागच्या आणि मधल्या जोडावर रंगाने खुणा करायच्या, म्हणजे प्रत्येक भाग होता त्याच कोनात परत बसेल. पट्टीखाली पातळ चकत्या असतील तर कुठली कुठे होती ते लिहून ठेवायचे, कारण शाफ्टचा कोन त्या ठरवतात. मधला नट काढून योक आणि जुने बेअरिंग पुलरने ओढायचे. नवे बेअरिंग प्रेसवर आतल्या कड्यावर दाब देऊन बसवायचे, हातोड्याने बाहेरच्या कड्यावर ठोकून नव्हे, कारण ठोकलेल्या बेअरिंगच्या गोळ्या बसवतानाच वाटेवर व्रण करतात. जिथे नवे नट-बोल्ट सांगितले आहेत तिथे नवेच घालायचे, टॉर्क रेंचने दिलेल्या मापाला आवळायचे आणि पट्टी शेवटची आवळताना रबर पुढे किंवा मागे ताणलेले नाही हे पाहायचे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ट्रक टर्मिनलवर हे काम रोज होते. ट्रक, बस आणि मागची चाके ढकलणाऱ्या जुन्या जीप यांची सेंटर बेअरिंगे सुट्या भागांच्या दुकानांत वेगळी मिळतात, आणि ज्यावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात अशा बसच्या शाफ्टवर फिटर ती बसवतात. बसला जे चालते ते पाच माणसांच्या गाडीला का चालू नये, याचे उत्तर कंपन्यांनी द्यायला हवे.

त्या देतात ते उत्तर समतोलाचे असते, आणि ते तपासण्यासारखे आहे. शाफ्ट कारखान्यात जोडून झाल्यावर यंत्रावर फिरवून, लहान वजने वेल्ड करून समतोल केला जातो. नंतर तो उघडला तर समतोल बिघडेल, थरथर वाढेल, म्हणून पूर्ण शाफ्टच बदलावा, असे हे म्हणणे. यात सत्याचा अंश आहे. काही शाफ्टचे क्रॉस कारखान्यातच धातू दाबून कायमचे बसवलेले असतात, ते काढून पुन्हा बसवताना केंद्र सरकू शकते. पण क्रॉसचा प्रश्न वेगळा आणि बेअरिंगचा वेगळा. बेअरिंगचे आतले कडे शाफ्टच्या केंद्राभोवती सर्व बाजूंनी सारखे असते. ते बदलल्याने वजन एका अंगाला जात नाही. बाहेरचे कडे, रबर आणि पट्टी तर फिरतच नाहीत. समतोल बिघडू शकतो तो जोड वेगळ्या कोनात बसवला तर, आणि त्याला तर खुणा हाच उपाय आहे. एवढ्यावर शंका उरलीच तर शाफ्ट समतोल करून देणारी दुकाने मोठ्या शहरांत आहेत, ट्रकचे शाफ्ट तिथे जातातच. फिरत्या भागांच्या समतोलाची आंतरराष्ट्रीय प्रमाणकात प्रतवारी आहे आणि अशा शाफ्टसाठी त्यात ठरलेली श्रेणी आहे. म्हणजे दावा मोजता येतो. जो दावा मोजता येतो तो मोजल्याशिवाय मान्य करू नये. पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया उभी आहे. कंपनीने सांगितलेला शाफ्ट घ्यावा, त्याचे बेअरिंग वर सांगितलेल्या रीतीने बदलावे, आधीचा आणि नंतरचा समतोल तपासावा. ज्या रचनेत तो खरोखर बिघडतो तिथे कंपनीचे म्हणणे राहू द्यावे. जिथे बिघडत नाही तिथे ते पुन्हा ऐकून घेऊ नये.

दुसरा आक्षेप बनावट मालाचा असतो. सुटे बेअरिंग विकले तर बाजारात हलका माल येईल आणि वेगात शाफ्ट तुटेल, अशी भीती घातली जाते. भीती निराधार नाही, पण कार्यकारणाचा क्रम उलटा आहे. अस्सल भाग विकायचाच नाही असे ठरले की माणसाला पर्याय दोनच उरतात : अख्खा शाफ्ट, नाहीतर मिळेल ते. ज्याला शाफ्ट परवडत नाही तो मिळेल ते घेतो. अस्सल बेअरिंग, रबर आणि पट्टीसह, कंपनीच्या खोक्यात मिळू लागले तर बनावटीला जागा कमी होते. यात एक तांत्रिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या टांगणीतले बेअरिंग पुष्कळदा जगभर एकाच मापात बनणारे असते. आंतरराष्ट्रीय मानकांनी मापे ठरवलेली आहेत. उदाहरणार्थ ६००६ क्रमांकाचे बेअरिंग कुणीही बनवले तरी आतला व्यास ३० मिलिमीटर, बाहेरचा ५५ आणि रुंदी १३. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, नामांकित कंपनीचे काही शे रुपयांत मिळते. आणि तेवढ्यासाठी कित्येक किलो पोलादाचा चांगला शाफ्ट भंगारात जातो. जात्याचा खुंटा सैल झाला म्हणून जाते टाकून देण्याची रीत आपल्याकडे कधी नव्हती.

तिसरे म्हणणे संख्येचे. भारतात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्या थोड्या, त्यांच्यासाठी एवढे सुटे भाग साठवणे परवडत नाही. हे खरे धरले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष कंपनीला हवा तो नाही. थोड्या संख्येच्या गाडीसाठी पूर्ण शाफ्ट साठवणे बेअरिंग साठवण्यापेक्षा महाग पडते, जागाही जास्त खाते. खरोखरच साठवायचे नसेल तर मापे, बेअरिंगचा क्रमांक आणि रबराची घट्टता जाहीर करावी. स्वतंत्र उत्पादक ते बनवतील. अमेरिकेत अशा अनेक गाड्यांसाठी ते बनवतच आहेत. आणि संख्या थोडी असणे हेच मुळात ग्राहकाच्या अडचणीचे कारण आहे. जास्त खपाच्या गाडीच्या मालकाला कुठले ना कुठले दुकान सापडते. घाटात, हिमाचलात किंवा लडाखमध्ये गरजेपोटी अशी गाडी घेतलेल्याला मात्र एकाच दाराशी जावे लागते.

आता कायद्याकडे येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे त्यात बजावले. बौद्धिक संपदेचा आणि सुरक्षिततेचा बचाव आयोगाने तेव्हा स्वीकारला नाही. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, तो इथे उगाळत नाही. मला खटकते ते असे, की हा आदेश शब्दशः पाळूनही आजची अडवणूक चालू राहू शकते. कंपनी म्हणेल, आमचा सुटा भाग म्हणजे शाफ्ट, तो बाजारात आहे, घ्या. कुठली जोडणी हा 'भाग' आणि कुठली त्याचा अंतर्भाग, हे कंपनीच ठरवते, आणि तिथेच ग्राहकाचा हक्क संपतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे ही निर्बंधक व्यापारप्रथा मानली आहे. बेअरिंग हवे असलेल्याला शाफ्ट घ्यायला लावणे या व्याख्येच्या आशयात बसते, असे माझे मत आहे. न्यायालय काय म्हणेल याची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या विभागाकडे चौकट आखण्याचे काम आहे, ती आखतानाच हे मिटवता येईल.

म्हणून विनंती अशी. ज्या जोडणीत बेअरिंग, रबर किंवा सील असे झिजणारे घटक आहेत, ते घटक वेगळे विकण्याचे बंधन वाहन कंपन्यांवर घालावे. एखादा घटक वेगळा विकणे खरोखर धोक्याचे असेल तर कंपनीने तसे लेखी, चाचणीच्या आकड्यांसह नोंदवावे आणि ती नोंद पोर्टलवर कुणालाही वाचता यावी. कारण न देता 'वेगळे येत नाही' एवढेच म्हणण्याची मुभा राहू नये. निदानाची आणि बदलण्याची पाने, टॉर्कच्या मापांसह, वाजवी शुल्कावर प्रत्येक गॅरेजला मिळावीत, आणि निदान सुरक्षिततेच्या सूचना तरी भारतीय भाषांत असाव्यात, कारण गाडीखाली झोपणारा माणूस बहुधा इंग्रजी मॅन्युअल वाचणारा नसतो. पूर्ण शाफ्टची शिफारस करणाऱ्या सर्व्हिस सेंटरने अंदाजपत्रकात दोन्ही किमती, शाफ्टची आणि बेअरिंगची, शेजारी शेजारी लिहाव्यात. वॉरंटीच्या काळात किंवा स्वखुशीने कुणी पूर्ण शाफ्ट घेत असेल तर त्याला माझी हरकत नाही. सर्व्हिस सेंटरला वेळ वाचवण्यासाठी जोडणीच बदलणे सोयीचे वाटत असेल तर तेही समजण्यासारखे आहे. पण सोय त्यांची आणि खर्च ग्राहकाचा, हे ग्राहकाला सांगूनच व्हावे.

वाहनांसाठीची चौकट पूर्ण करताना आपण सेंटर बेअरिंगपासून सुरुवात करावी. भाग लहान आहे, त्याचे काम स्पष्ट आहे, त्याची झीज ओळखता येते, दुरुस्तीची रीत ट्रक-बसच्या धंद्याने कधीच पक्की केली आहे आणि कंपन्यांचा दावा पुण्यातल्या प्रयोगशाळेत मोजता येतो. या एका भागाबाबत विभागाने कंपन्यांकडून लेखी खुलासा मागवावा आणि आलेली उत्तरे नावांसह पोर्टलवर प्रसिद्ध करावीत, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ग्राहक